मावशींच्या खोलीतला हुंकार

१

मावशींची लेक ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत कामाला होती आणि तिचं काम म्हणजे कचरा काढणं. कुणी पुस्तक वाचलं, कुणी भाषण ठोकलं, कुणी खोकल्याच्या औषधाची जाहिरात केली, की ते मुद्रण तिच्याकडे यायचं. त्यातले उसासे, खुर्चीची करकर, पोटातली गुरगुर, घोटभर पाणी प्यायल्याचा आवाज, हे सगळं ती बसून एकेक करून कापायची. शेवटी बोलणाऱ्याला स्वतःचा आवाज इतका गोड वाटायचा, की हे आपल्या गळ्याचंच कर्तृत्व असं तो धरून चालायचा. तीही कुणाचा गैरसमज दूर करायला जायची नाही.

आईचा विषय निघाला की मात्र लोक तिच्याकडे वळून बघत. आईच्या पुस्तकांवर दोन पिढ्या वाढल्या होत्या. उडते डोंगर, रुसणारे जिने, पाण्याखालच्या शाळा, काय काय होतं त्यात! सगळं जग आईला मावशी म्हणायचं. जगाची मावशी आणि हिची एकटीची आई, पण वाटणीत हिच्याच पदरात कमी पडलं, असं लेकीला लहानपणापासून वाटत आलं होतं. त्याची भरपाई एकाच गोष्टीने व्हायची. प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर छापलेलं असे, ‘हुंकार देणाऱ्या माझ्या लेकीला’.

कारण मावशी आधी लिहीत नसत, सांगत. रोज दुपारी खालच्या मजल्यावरच्या खोलीत वेताच्या खुर्चीवर बसायचं, टेपरेकॉर्डर सुरू करायचा आणि गोष्ट सांगायची. ऐकणाऱ्याने मध्ये मध्ये ‘हूं’ म्हणायचं. हूं आला की गोष्ट पुढे सरकायची. मग त्या टेपवरून सगळं कागदावर उतरायचं. हे सगळ्या वाचकांना ठाऊक होतं, आणि तो हूं कुणाचा हेही ठाऊक होतं. शाळेत असताना या एका हूंवर लेकीने भरपूर भाव खाल्ला होता.

२

मावशी गेल्यानंतर त्यांच्या प्रकाशकाने घराच्या खालच्या मजल्याचं स्मारक करायचं मनावर घेतलं. वरच्या मजल्यावर लेक आणि तिची पहिलीतली मुलगी ठकी राहत होत्या. ठकीचा बाबा जहाजावर, म्हणजे घरात असून नसल्यासारखाच. प्रकाशकाला लेक लहानपणापासून काका म्हणायची. काका एक दिवस कॅसेटींनी भरलेलं खोकं घेऊन जिना चढून आले, ते धापा टाकतच.

“मुलं येतील, मावशींच्या पलंगावर बसतील, मावशींच्याच आवाजात गोष्ट ऐकतील,” काका म्हणाले. “तू फक्त एवढं साफसूफ करून दे. तुझ्याशिवाय कुणाच्या हातात द्यायची माझी छाती नाही.”

लेकीने स्टुडिओत कानांवर हेडफोन चढवले आणि आईचा आवाज आला. तिने आधी चांगलं रडून घेतलं. मग डोळे पुसून कामाला लागली.

गोष्ट पुढे जात होती आणि मध्ये मध्ये हूं येत होता. बारीक, जरासा नाकातला, अगदी शहाण्या मुलाचा. आपण किती गुणी होतो, असं लेकीला वाटलं. आपल्या ठकीला एका जागी पाच मिनिटं बसवायचं म्हणजे नाकी नऊ येतात.

आणि मग एका कॅसेटवर, गोष्टीतली मुलगी विहिरीत उतरत असताना, लांबून दार वाजल्याचा आवाज आला. दारापलीकडून कुणीतरी हाक मारली.

“आई, झालं का? ये ना.”

लेकीने टेप थांबवली आणि मागे नेऊन पुन्हा लावली. सर्दीने चोंदलेला, रडकुंडीला आलेला तो आवाज तिचा स्वतःचा होता. स्वतःचा लहानपणचा आवाज ओळखायला चूक होईल, अशातली ती नव्हती. हाक बंद दाराच्या बाहेरून येत होती.

त्याच वेळी मायक्रोफोनच्या अगदी जवळ कुणीतरी म्हणालं, “हूं.”

आई थांबली नव्हती. दाराकडे बघून “आले गं” म्हणावं, तेवढंसुद्धा तिने केलं नव्हतं. उलट तिचा आवाज चढला होता आणि ती भराभर सांगायला लागली होती.

३

लेकीने मनाशी सगळी गणितं मांडून पाहिली. जुन्या कॅसेटींमध्ये गुंडाळलेल्या टेपच्या एका वेढ्यावरचा आवाज शेजारच्या वेढ्यावर उतरतो, हे तिला माहीत होतं. पण तसा उतरलेला आवाज फिका असतो, आणि हा हूं तर आईच्या आवाजापेक्षाही जवळचा होता. शेजारचं एखादं मूल असेल? पण दुपारच्या त्या वेळी आई कुणालाही घरात घेत नसे. दाराला आतून कडी असे.

हे आठवलं आणि ती दचकली. दाराला आतून कडी असे हे तिला ठाऊक होतं, म्हणजे ती बाहेर होती. पलंगावर पडून आईची गोष्ट ऐकल्याची आठवण तिने कितीदा लोकांना सांगितली होती, मुलाखतीतही सांगितली होती. आता शोधायला गेल्यावर त्या आठवणीत पलंग होता, खुर्ची होती, आणि बाकी सगळं लोकांनीच भरलेलं होतं. खरं आठवत होतं ते एवढंच, की जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसून ती त्या बंद दाराकडे बघायची.

तिने काकांना फोन केला.

“काका, आईच्या गोष्टींना हुंकार कोण द्यायचं?”

“म्हणजे काय! तूच की.” काका हसले. “तूच नाही तर काय मी देत होतो?”

“तुम्ही कधी बघितलंत मला देताना?”

“अगं, मावशी खोलीत कुणाला येऊ देत होत्या? मीसुद्धा ओसरीवर बसायचो. पण एक सांगतो. एकदा मी विचारलं त्यांना, मावशी, तुमची एकही गोष्ट संपत कशी नाही? सगळी पुस्तकं आपली ‘आणि मग’वर येऊन थांबतात. तर म्हणाल्या, संपवून चालत नाही. काय वाक्य आहे बघ! भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावतोय मी ते.”

लेकीने फोन ठेवला. तिला भीती वाटायला हवी होती, पण आधी आला तो राग. इतकी वर्षं जो मान आपला म्हणून मिरवला, तो भलत्याच कुणाचा होता. आई रोज दार लावून दुसऱ्याच कुणा लाडक्याला गोष्टी सांगत होती आणि पुस्तकावर हिचं नाव पुढे करत होती. एवढ्या मोठ्या बाईला मत्सर वाटावा ही लाजेची गोष्ट होती, आणि तिला तो वाटला.

ती रात्रंदिवस खपली आणि तिने सगळ्या कॅसेटींमधला एकूण एक हूं कापून टाकला. तिच्या भाषेत कचराच तो. फक्त हूंच्या जागी तेवढी शांतता तशीच ठेवली.

काका खूश झाले. “बरं केलंस. आता तिथे मुलंच हूं म्हणतील,” ते म्हणाले.

४

उद्‌घाटनाला दोन शाळांची मुलं आली. खोलीला नवा रंग दिला होता. वेताची खुर्ची दोरी बांधून राखून ठेवली होती, आणि मुलांना बसायला जागा व्हावी म्हणून पलंग भिंतीला टेकवला होता. लेकीला ते जरा खटकलं. आईचा पलंग कायम भिंतीपासून हातभर पुढे असे. केर काढायला बरं पडतं, असं आई म्हणायची, आणि त्या फटीत केरसुणी मात्र कधी जाऊ द्यायची नाही.

यंत्रातून मावशींचा आवाज सुरू झाला आणि सगळी पोरं चिडीचूप झाली. लेक बाहेर पाहुण्यांच्या पाण्याचं बघत होती. पहिला गट बाहेर पडला तेव्हा त्यांच्या शिक्षिकेने येऊन तिचा हात हातात घेतला.

“किती गोड हो! मावशींचा आवाज तर आहेच, पण मध्ये मध्ये तुमचा तो हूं! आमची मुलं बिचारी इतकी रंगली होती, एकाच्याही तोंडून आवाज फुटला नाही. तेवढा तुमचाच हूं ऐकू येत होता.”

“मुलांपैकी कुणीतरी दिला असेल,” लेक म्हणाली.

“छे हो. मी बघत होते ना.”

पाहुणे पांगल्यावर लेक खोलीत गेली. पलंग भिंतीपासून हातभर पुढे आला होता. इतकी पोरं त्यावर चढली-उतरली, सरकला असेल, असं म्हणून तिने तो गुडघ्याने ढकलून पुन्हा भिंतीला लावला. फरशीच्या नव्या पॉलिशवरून तो इतका जड का सरकतो, हे तिने स्वतःला विचारलं नाही.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी ठकी शाळेत गेल्यावर लेक खाली उतरली. आपल्या हाताने साफ केलेलं मुद्रण आपल्याच कानांनी ऐकायचं आणि विषय संपवायचा, असं तिने ठरवलं होतं. स्वच्छ ऊन होतं, खिडकी उघडी होती, बाहेर कुणीतरी सायकल धूत होतं. अशा वेळी घाबरणं म्हणजे हसं करून घेणं.

पलंग भिंतीपासून पुढे आलेला होता.

तिने यंत्र सुरू केलं. आईने दोन वाक्यं सांगितली आणि कापलेली जागा आली. शांतता. लेकीने श्वास सोडला. पुढच्या जागेलाही शांतता. तिला स्वतःचंच हसू यायला लागलं.

“हूं.”

आवाज यंत्रातून आला नव्हता. पलंगाकडून आला होता, खालच्या बाजूने.

बाहेर सायकल धुणारा शीळ घालत होता. आपण जागा मोकळी केली आणि ती भरली जातेय, इतकंच लेकीला कळत होतं. आई सांगत होती, हूं येत होता. हळूहळू तो वाक्य संपायच्या आधीच येऊ लागला, घाईघाईने, जेवणाऱ्याने पुढचा घास मागावा तसा. शेवटी गोष्ट ‘आणि मग’वर येऊन थांबली.

“मग?” पलंगाकडून विचारलं गेलं.

यंत्र आपोआप पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. आईने पहिलं वाक्य सांगितलं. मोकळी जागा आली आणि गेली.

“ही ऐकली,” तो बारीक आवाज म्हणाला.

लेकीने यंत्राची वायर खेचली, बाहेर येऊन दाराला कुलूप घातलं आणि किल्ली जिन्यातल्या खिळ्याला अडकवली. मग काकांना फोन करून सांगितलं, की स्मारक बंद ठेवा.

“बंद? अगं, पुढच्या महिन्यापर्यंत शाळा नोंदवल्यात! तुला आराम पाहिजे. किती जागरणं केलीस तू,” काका म्हणाले.

जागरणं झाली होती हे खरंच होतं. स्टुडिओतून बोलावणं आलं तेव्हा तिने त्या कारणाला घट्ट धरलं आणि ती कामाला गेली. थकलेल्या कानांना काहीही ऐकू येतं, हे तिने स्वतःच कितीतरी नवशिक्यांना शिकवलं होतं.

६

दुपारी घरी परतताना तिला उशीर झाला. ठकी शाळेतून येऊन एकटी असणार, म्हणून ती धावतच फाटकातून आत शिरली. खिळ्यावर किल्ली नव्हती. खालच्या खोलीचं दार सताड उघडं होतं.

ठकी पलंगाच्या कडेवर पाय लोंबकळवत बसली होती, दप्तर अजून पाठीलाच. ती गोष्ट सांगत होती. धड श्वासही न घेता, घसा बसलेल्या आवाजात.

“आणि मग हत्ती दुकानात गेला, आणि मग दुकानदार म्हणाला हत्तीला चप्पल नाही, आणि मग हत्ती रडला, आणि मग...”

“हूं.”

“ठकी!” लेकीने तिला उचललं. “कुणाशी बोलतेस?”

ठकीने आईच्या गळ्याला मिठी मारली, पण तोंड थांबवलं नाही. “आणि मग हत्तीची आई आली, आणि मग ती म्हणाली...” तिचे डोळे भरले होते. ओठ कोरडे पडून चिरले होते.

लेक तिला कडेवर घेऊन जिना चढली. वर नेलं, दार लावलं, तोंडाशी पाण्याचा पेला धरला. पोर बोलता बोलताच पाणी प्यायला गेली आणि ते सगळं हनुवटीवरून ओघळलं.

“बाळा, थांब. बास झालं. कुणी नाहीये इथे.”

ठकी थांबली. हत्ती घरी पोचला होता आणि तिला पुढचं सुचत नव्हतं. ती आईच्या कानाशी लागली. “आई, मला नाही येत आता पुढचं. ते म्हणालं, मग मी आत येऊन बघतो तुझ्यात आणखी आहेत का.”

कपाट आणि भिंत यांच्यामधल्या फटीतून आवाज आला. “मग?”

ठकीने कपाळाला आठ्या घातल्या, ओठ उघडले, पण सुकलेल्या घशातून नुसती हवा आली. कपाट हळूच पुढे सरकलं. मग आणखी थोडं सरकलं.

लेकीने आयुष्यात कधी गोष्ट सांगितली नव्हती. ठकीला झोपवतानासुद्धा ती आईची पुस्तकं वाचून वेळ मारून न्यायची. लोकांचं बोलणं कापायचं, एवढंच तिला येत होतं. आता तिने तोंड उघडलं आणि जे समोर आलं ते बोलली.

“एक आई होती. तिला एक लेक होती.”

कपाट थांबलं.

“हूं,” फटीतून आलं. नवीन काही मिळाल्याचा आनंद त्यात स्पष्ट ऐकू येत होता.

७

ती सांगत सांगत मागे सरकली. ठकीला तिने हाताने खूण केली, इथेच बस, हलू नकोस. दार उघडलं आणि ती जिना उतरू लागली. “लेकीला वाटायचं, आईचं आपल्यावर प्रेमच नाही,” ती एका पायरीवर म्हणाली, आणि तिच्या मागच्या पायरीवरून हूं आला. “कारण आई रोज दुपारी दार लावून बसायची.” हूं. “आणि लेक बाहेर बसून रडायची.” हूं. तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर वाक्य तुटलं असतं.

खोलीत शिरून तिने आतून कडी लावली. वेताच्या खुर्चीची दोरी सोडली. खुर्ची पलंगाकडे तोंड करून ठेवलेली होती, सजावट करणाऱ्याने ठेवली तशी. ती बसली तेव्हा तिला कळलं की हे चुकतंय. आई अशी बसत नसे. लहानपणी दाराच्या फटीतून पाहिलेलं तिला आत्ता आठवलं, आई पलंगाकडे नाही, पलंग आणि भिंत यांच्यामधल्या फटीकडे बघत असे. तिने खुर्ची तिकडे वळवली.

“एक दिवस लेक मोठी झाली,” ती म्हणाली.

पलंगाच्या पलीकडच्या कडेवर एक कान टेकलेला होता. लहान मुलाचा, स्वच्छ, उन्हात पाळी गुलाबी दिसत होती. ऐकायला सोपं जावं म्हणून तो जरा वर सरकला, आणि त्याच्या खाली दुसरा कान दिसला. तोही त्याच बाजूचा. त्याच्याही खाली काहीतरी उलगडत होतं. लेकीने नजर काढून भिंतीवर लावली. तिथे काकांनी मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं होतं, ‘संपवून चालत नाही’.

ती सांगत राहिली. आपल्याला इतकं सांगता येतं याचं तिला नवल वाटत होतं. आपला स्टुडिओ, आपलं लग्न, जहाज, जहाजाखालचं पाणी, पाण्याखालची शाळा, जे हाताशी येईल ते ती गोष्टीत घालत होती. ऊन खिडकीतून उतरून फरशीवर आलं. हूं वेळेवर येत होता, अगदी शहाण्या मुलाचा. आई रोज हे करत होती. दर दिवशी, वर्षानुवर्षं, आणि बाहेर आल्यावर पदराने कपाळ पुसून हिच्या वेण्या घालत होती. आईची इतकी आठवण लेकीला ती गेली त्या दिवशीसुद्धा आली नव्हती.

तेवढ्यात दार वाजलं.

“आई?” ठकीच्या घशातून आवाज जेमतेम फुटत होता. “आई, झालं का?”

हूं आला नाही.

पलंगापलीकडे सावकाश हालचाल झाली. कडेवरचे कान एकेक करून उठले आणि दाराकडे वळले.

त्या क्षणी लेकीला कळलं, त्या जुन्या कॅसेटवर आईचा आवाज का चढला होता. तिने खुर्ची पुढे ओढली, आवाज चढवला आणि ती भराभर सांगायला लागली, “आणि मग काय झालं माहितीये? मग ती लेक विहिरीत उतरली, आणि खाली बघते तर आणखी एक जिना...”

कान थबकले. पुन्हा तिच्याकडे वळले.

“हूं.”

“आई, ये ना,” ठकी दाराबाहेर रडत म्हणाली.

“...आणि मग,” लेक म्हणाली, आणखी मोठ्याने, “आणि मग...”